थ्री नॉट थ्रीचा पहारा

(ओटा. म्हातारे हात, मांडीवर बंदूक)

बोल्ट वर उचलायचा, मागे खेचायचा. रिकामं टरफल उडून बाहेर पडतं. बोल्ट पुढे ढकलला की नवं काडतूस आत. मग नेम, मग चाप. प्रत्येक गोळीला हे सगळं पहिल्यापासून. दहा काडतुसांचं मॅगझिन. ही थ्री नॉट थ्री. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, त्या याच घराण्यातल्या बंदुका घेऊन.

(दोरीला चिंदी बांधून नळी साफ होते आहे)

आणि आज ती जम्मूच्या डोंगरात, एका शेतकऱ्याच्या घरात आहे.

चिनाबच्या खोऱ्यात वस्त्या अशाच, एक घर या कड्यावर, दुसरं त्या. अतिरेक्यांचा हल्ला झाला की पोलीस येईपर्यंत सगळं संपलेलं असायचं. ऑगस्ट १९९३ मध्ये किश्तवाडजवळ बस थांबवून अतिरेक्यांनी प्रवाशांना गोळ्या घातल्या. माणसं गाव सोडू लागली. १९९५ मध्ये डोडा जिल्ह्यात ग्राम सुरक्षा समित्या उभ्या राहिल्या. माजी सैनिक, शेतकरी, दुकानदार यांच्या हाती सरकारने बंदुका दिल्या आणि लोक घरी टिकले.

(ढांगरीची गल्ली)

राजौरी जिल्ह्यातलं ढांगरी. १ जानेवारी २०२३ ची संध्याकाळ. अतिरेकी घरांत शिरून गोळ्या झाडत होते. एका गावकऱ्याने आपली जुनी थ्री नॉट थ्री काढली, बार काढले आणि ते पळाले. तो हल्ला आणि दुसऱ्या सकाळचा स्फोट, मिळून सात जण गेले. ती बंदूक त्या घरात नसती तर?

(मैदान. जवान शिकवताहेत, बायकाही पालथ्या पडून नेम धरताहेत)

त्यानंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाने गावोगाव प्रशिक्षण दिलं. काहींना एसएलआर मिळाली, पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल. वीस गोळ्या, बोल्ट दर वेळी खेचायला नको. बाकीचे अजून जुन्याच बंदुकीवर आहेत, आणि समोरच्याच्या हातात एके-४७.

२०२२ पासून समित्यांच्या या सदस्यांना ग्राम रक्षक म्हणतात. प्रमुखाला महिना ४,५०० रुपये, इतरांना ४,०००. रात्रभर जागणाऱ्या माणसाला एवढंच!

काही सदस्यांवर गुन्हेही दाखल झाले. काहींचा जीवही गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये किश्तवाडच्या जंगलात गुरं चारायला गेलेल्या दोघा रक्षकांना अतिरेक्यांनी मारलं.

(रात्र. विजेरीचा उजेड)

जेवणं उरकली. दोघे रक्षक पहाऱ्याला निघाले. पुढचा वाट दाखवतो, मागचा वळून वळून बघतो. पहाटे दुसरी जोडी येईल.