पाऊस, आग आणि कागद : जितीश कल्लाट यांची प्रदर्शनं बघताना

मंडळी, नमस्कार.

एखाद्या शनिवारी दुपारी काळा घोड्याच्या कुठल्याही दालनात कोपऱ्यात उभे राहा आणि चित्रांऐवजी माणसं बघा. शिल्पाभोवती फेरी मारली जाते, फोटो निघतो. मोठा कॅनव्हास असेल तर माणूस दोन पावलं मागे सरकतो, मान तिरकी करतो. आतल्या खोलीत मंद दिव्यात लावलेल्या कागदांसमोर मात्र कुणी थांबत नाही. काचेत आपलाच चेहरा दिसतो, उजेड कमी असतो. तो कमी ठेवावा लागतो, कारण कागद आणि त्यावरचा रंग प्रकाशाने विटतो. संग्रहालयं साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर जात नाहीत. पण बघणाऱ्याला वाटतं, उरलंसुरलं इथे लावलेलं दिसतंय. बाजारही त्याच्या कानात हेच सांगत असतो. कागद स्वस्त, कॅनव्हास महाग.

चित्रकार-शिल्पकार जितीश कल्लाट यांच्याबद्दल मला नेमकं उलट सांगायचं आहे. त्यांच्या प्रदर्शनात वेळ थोडा असेल तर आधी कागदाच्या खोलीत शिरा.

कल्लाट मुंबईचे. जन्म 1974चा, शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, 1996मध्ये पदवी. पुढच्याच वर्षी ‘पी.टी.ओ.’ हे त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन केमोल्ड गॅलरीने लावलं. केमोल्ड तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर होती. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी 1963मध्ये सुरू केलेली ती गॅलरी. मूळ धंदा फ्रेम बनवण्याचा. चित्रांच्या चौकटी करता करता चित्रकारांच्या मागे उभं राहिलेलं हे घर. आज ती फोर्टात प्रेस्कॉट रोडवर आहे आणि त्यांची मुलगी शिरीन गांधी ती चालवते. तेविशीतल्या मुलाला अशी भिंत मिळणं ही केवढी गोष्ट होती, हे त्या काळी जहांगीरच्या प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं नाव लावून बसलेल्यांना विचारा.

त्या सुरुवातीच्या कॅनव्हासांवर हात फार दिसतो. स्वतःची प्रतिमा, अक्षरं, जाहिरातीचे रंग, खरवडलेला पृष्ठभाग. मुंबईच्या भिंतीवर पोस्टरवर पोस्टर चिकटतं आणि पावसाळ्यानंतर सगळेच थर थोडे थोडे डोकावू लागतात, तशी ती चित्रं. पुढे 2005च्या सुमाराला ‘रिक्षापोलिस’ ही मालिका आली. रिक्षा, बस, मोटारी, माणसं एकमेकांत घुसलेली, सगळा कॅनव्हास म्हणजे एक मोठी टक्कर. यातली काही चित्रं भिंतीवर टांगलेली नसतात, ती ब्राँझच्या दोन चित्रविचित्र प्राण्यांच्या डोक्यावर तोललेली असतात. हे प्राणी बोरीबंदरच्या, म्हणजे आजच्या सीएसएमटी स्टेशनच्या, दर्शनी भागावरून उचललेले आहेत. आणि बोरीबंदरचं ते कोरीवकाम, एकोणिसाव्या शतकात इमारत उभी राहत होती तेव्हा, जे. जे.च्याच विद्यार्थ्यांकडून करून घेतलेलं. लोकल पकडायला रोज तिथून लाखो माणसं धावतात, वर कुणी बघत नाही.

ही चित्रं मला आवडतात, पण ती खूप बोलतात. कल्लाट यांच्या कामाचा खरा प्रवास मला दिसतो तो या बोलण्यातून बाहेर पडण्याचा. वर्षागणिक हा माणूस आपला हात मागे घेत गेला आणि रेघ ओढण्याचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवत गेला.

पहिली सोपवणूक आगीवर. 2003चं ‘पब्लिक नोटिस’. पंडित नेहरूंचं 14 ऑगस्टच्या मध्यरात्रीचं भाषण कल्लाट यांनी ॲक्रिलिकच्या आरशांवर रबरी चिकटद्रव्याने अक्षर-अक्षर करून लिहिलं आणि पेटवून दिलं. जळालेली अक्षरं राहिली, आणि आचेने आरसा वेडावाकडा झाला. तुम्ही वाचायला उभे राहता तेव्हा ओळींच्या मधल्या जागेत तुमचा चेहरा लोंबताना दिसतो. गुजरातच्या दंगलींना तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. इथे शब्दही त्यांचे नाहीत आणि खूणही त्यांची नाही. शब्द नेहरूंचे, खूण आगीची.

या मालिकेतलं दुसरं काम 2007चं. दांडीयात्रेच्या आदल्या संध्याकाळी, 11 मार्च 1930ला, गांधीजींनी साबरमतीला केलेलं भाषण. साडेचार हजारांच्या आसपास अक्षरं, प्रत्येक अक्षर फायबरग्लासच्या हाडांचं, फळ्यांवर ओळीने मांडलेलं. हे काम आज सिडनीत, आर्ट गॅलरी ऑफ न्यू साऊथ वेल्सच्या संग्रहात आहे. तिसरं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये, 2010 साली. विवेकानंदांनी 11 सप्टेंबर 1893ला सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत. कल्लाट यांनी ते भाषण तिथल्या मुख्य जिन्याच्या 118 पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत लावलं, आणि दिव्यांचे रंग घेतले अमेरिकी सरकारने 2001च्या हल्ल्यानंतर आणलेल्या धोक्याच्या इशाऱ्याचे : लाल, नारिंगी, पिवळा, निळा, हिरवा. वाचायचं तर चढावं लागतं. धर्मांधतेविरुद्धचं वाक्य धापा टाकत वाचावं लागतं. सरकारने ती रंगांची पद्धत 2011मध्ये मोडीत काढली, त्यामुळे आता तिथल्या तरुण मुलांना हे रंग समजावून सांगावे लागत असतील.

शिल्पांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘ॲक्वासॉरस’ तुम्ही फोटोत पाहिलं असेल : पाण्याचा टँकर, पण हाडांच्या सांगाड्याचा, लुप्त झालेल्या एखाद्या महाकाय प्राण्यासारखा. तशीच रिक्षा, तशीच मोटार. दंगलीत जाळलेल्या गाड्यांचे सांगाडे त्यामागे आहेत. करणी अफाट आहे, कारागिरांना सलाम. पण कल्पना एका नजरेत कळते आणि दुसऱ्या नजरेसाठी काही शिल्लक राहत नाही. टँकरमागे बादल्या घेऊन धावलेल्या मुंबईकराला त्या सांगाड्यापेक्षा टँकर जास्त भीतिदायक वाटतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. सिग्नलवर पुस्तकं विकणाऱ्या मुलाचं ‘एरुडा’ हे काळंशार, प्रचंड शिल्पही मला आकारानेच दबवतं.

याच शिल्पकाराने 2011मध्ये भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात काय केलं, ते बघा. राणीच्या बागेला लागून असलेली ती 1872ची वास्तू. सोनेरी मुलामा, नक्षीदार छत, काचेच्या कपाटांत मातीची माणसं. तिथे त्यांनी बांबूची परांची उभी केली. 120 भाग, सुंभाने बांधल्यासारखे, आणि सगळे खोटे! रेझिन आणि पोलादातून ओतलेले. जवळ गेलं की बांबूवर प्राणी कोरलेले दिसायचे, एकमेकांना गिळणारे, पुन्हा ते बोरीबंदरचेच. संग्रहालयाची दुरुस्ती पुन्हा सुरू झाली की काय, असं वाटून लोक वळसा घालून पुढे जायचे. मला यापेक्षा मोठी दाद माहीत नाही. पुढे ‘द इन्फिनिट एपिसोड’मध्ये दहा झोपलेले प्राणी आले, दाताचे डॉक्टर साचे घ्यायला वापरतात त्या प्लास्टरचे. हत्ती असो की खार, सगळ्यांचा आकार सारखा. झोपेत कोण मोठं, कोण लहान? इथे काही ओरडून सांगितलेलं नाही, म्हणून बघत राहावंसं वाटतं.

आता कागद. खरं तर आधी ‘एपिलॉग’ येतं, ते छायाचित्रांचं काम आहे, पण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. कल्लाट यांचे वडील बासष्ट-त्रेसष्ट वर्षं जगले. त्या आयुष्यात आकाशात जितके चंद्र उगवले, ते सगळे मुलाने मोजले. सुमारे 22,000. प्रत्येक चंद्र म्हणजे एक पोळी, खात खात कलेकलेने कमी होत जाणारी. एक महिना म्हणजे एक चौकट, अशा 753 चौकटी. हिशेब करून बघा, 753 महिने म्हणजे बासष्ट वर्षं आणि नऊ महिने. तुम्ही चालत जाता आणि शेवटच्या चौकटीपाशी पोळ्या संपतात. बापाचं एकही छायाचित्र नाही, शोकाचा एक शब्द नाही. आपल्याकडे ‘अन्नपाणी संपलं’ म्हणतात तेवढंच. हे काम मी लोकांना दाखवतो तेव्हा बाकी सगळ्यांवर वाद होतो, याच्यावर होत नाही.

मोजायचं, आणि मोजून गप्प बसायचं. ही सवय कागदावर आल्यावर काय झालं ते ‘रेन स्टडी’त दिसतं. ओल्या रंगाचा कागद हातात धरून पावसात उभं राहायचं. किती वेळ? घड्याळ नाही, आपले श्वास मोजायचे. ठरलेले श्वास झाले की आत यायचं. थेंबांनी जे उमटवलं ते चित्र. दिसायला मात्र पाऊस दिसत नाही. काळ्या आकाशातले तारे, तेजोमेघ दिसतात. दुर्बिणीतून घेतलेला फोटो म्हणून कुणी खपवला तर खपेल. आणि हे मुंबईच्या जुलैमध्ये! जिथे चित्रकार कागद गादीखाली, प्लॅस्टिकमध्ये, मिळेल तिथे लपवतात आणि तरी सप्टेंबरात त्यावर बुरशीचे ठिपके सापडतात. ज्याच्यापासून कागद जपायचा, त्यालाच कागद देऊन टाकायचा.

‘विंड स्टडी’त आग परत आली, पण 2003सारखी संतापलेली नाही. कागदावर ग्रॅफाइटची रेघ, तिच्यावर पेटणारं चिकटद्रव्य, मग एकेक रेघ पेटवायची. त्या क्षणी वारा ज्या दिशेला असेल तिकडे धूर झुकतो आणि काजळी तिथे बसते. वाऱ्याचं चित्र काढायला सांगितलं तर आपण झाड वाकलेलं काढू. इथे वाऱ्याने स्वतः काढलंय. काही कागदांवर रेघेची वाट हिल्बर्ट वक्राची आहे. गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी 1891मध्ये मांडलेली ही वळणं : स्वतःला कुठेही न छेदता रेघ चौकोन भरत जाते. म्हणजे रेघ कुठे जाणार हे पक्कं ठरलेलं, आणि धूर कुठे जाणार हे अजिबात नाही. दाराशी ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही यातली पहिली अर्धी गंमत समजावून सांगायची गरज नाही.

2020च्या सुरुवातीला मुंबईत फेमस स्टुडिओत त्यांनी ‘टेरानम नुन्सियस’ दाखवलं. 1977मध्ये नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवरच्या प्रतिमा, आणि त्याच तबकडीवरचे 55 भाषांतले अभिवादनाचे आवाज. त्यात मराठीही आहे, ‘नमस्कार’ म्हणून सुरुवात करणारी. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरी गावची बाई आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गातेय. विषयांतर झालं, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

शेवटी ‘इंटिजर स्टडीज’. हा संच 2021चा, दुसऱ्या वर्षी दुबईच्या इशारा आर्ट फाउंडेशनमध्ये ‘ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड’ या प्रदर्शनात होता. रोज एक रेखाटन. प्रत्येकावर तीन आकडे : त्या वेळची जगाची लोकसंख्या, त्या दिवसाचे जन्म, त्या दिवसाचे मृत्यू. साल लक्षात घ्या. ज्या दिवसांत आपण रोज सकाळी आकडे बघत होतो आणि नातेवाइकांचे फोन घ्यायला घाबरत होतो, त्याच दिवसांतले हे कागद. सगळेच चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. काही रेखाटनं आकड्यांच्या आधाराने उभी आहेत. आकडे झाकले तर शोभेचे आकार उरतात. पण काहींमध्ये रंग कागदात असा मुरला आहे की आधी आकार दिसतो, मग बीजासारखं काहीतरी, आणि आकडे अगदी शेवटी. ते कागद मी वेगळे काढले आहेत.

आता स्लाइड लावतो. पडद्यावर काजळी नुसती काळी दिसेल आणि पावसाचे थेंब सपाट दिसतील, त्याला इलाज नाही. प्रश्न मधेच विचारले तरी चालतील.