बरं वाटतंय, पण कुठवर?

नमस्कार श्रोतेहो. दिवसभर दुसऱ्यांच्या मनाचं ऐकणारा जो मानसशास्त्रज्ञ असतो, त्याचं काम नीट चाललंय का, हे त्याला कोण सांगतं? मोठ्या रुग्णालयात नोकरी असेल तर प्रश्न नाही. वरिष्ठ असतात, शेजारच्या खोलीत मनोविकारतज्ज्ञ असतात, चहाच्या वेळी चार शब्द होतात. मी बोलतेय ते एकट्याने बसणाऱ्यांबद्दल. तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, खाली मेडिकलचं दुकान, वर आपली पाटी, आणि समोरच्या खुर्चीत येईल तो माणूस. शिकताना सुपरव्हिजन असतं, म्हणजे अनुभवी माणूस तुमचं काम तपासतो. पाटी लागली की ते संपलं. एकट्याने बसणाऱ्याला तपासणारं कुणी नाही.

याच्यावरून एक किस्सा सांगते. आमचा पाचसहा मानसशास्त्रज्ञांचा गट आहे. महिन्यातून एका रविवारी जमतो, ज्याच्या घरी बसायचं त्याने पोहे करायचे, आणि एकाने एक केस मांडायची. नाव-गाव न सांगता. हा किस्सा सांगायलाही त्या काकांची परवानगी आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. काका तर म्हणाले, "रेडिओवर किती वाजता आहे तेवढं कळवा."

तर आमच्यातल्या एकीचं क्लिनिक एसटी स्टँडच्या मागे आहे. तिच्याकडे एक निवृत्त कंडक्टर यायचे. दर बुधवारी, वेळेच्या आधी हजर. फी मोजून, सुट्ट्या पैशांसकट. (एरवी "नुसतं बोलायचे एवढे पैसे?" हे वाक्य आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. वकील काय करतो हो? तोही बोलतोच ना?) असो. निवृत्तीनंतर काका खचले होते. झोप उडाली, जेवण तुटलं, नातवंडांवर खेकसायला लागले. पण हिच्यासमोर बसले की गाडी सुरू. घाटात बंद पडलेली एशियाड, आषाढीच्या जादा गाड्या, आठ आण्यांवरून झालेली भांडणं. हिचं हसून हसून पोट दुखायचं. निघताना काका म्हणायचे, "ताई, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं बघा." हिलाही बरं वाटायचं. असे काही महिने गेले.

रविवारी तिने ही केस मांडली ती खरं तर कौतुकाने. आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, नुकतीच शिकून आलेली, तिने विचारलं, "मॅडम, त्यांचे स्कोअर आहेत का?" पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या गेल्या. स्कोअर म्हणजे काय, तर पीएचक्यू-9 नावाची एक पानभर प्रश्नावली आहे, 2001 पासून जगभर वापरतात. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. 0 ते 27 असे गुण. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. काकांनी ती पहिल्या दिवशी भरली होती. मग कागद फायलीत गेला तो गेलाच.

पुढच्या बुधवारी तिने कागद पुढे केला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, एकेक प्रश्न ओठ हलवत वाचून खुणा केल्या. बेरीज केली तर पहिल्या दिवसापेक्षा फरक एका गुणाचा. ती म्हणाली, "अहो काका, तुम्ही तर दर वेळी बरं वाटतं म्हणता!"

काका म्हणाले, "वाटतं की. इथं वाटतं. जिना उतरलो की संपलं."

इथं वाटतं, जिना उतरलो की संपलं. आमच्या धंद्यातली निम्मी अडचण या माणसाने एका वाक्यात सांगितली.

पुढच्या बैठकीत त्याच मुलीने गोव्याचा एक अभ्यास आणला. संगाथ ही तिथली संस्था. त्यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत औदासीन्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, 495 रुग्णांवर एक उपचार तपासला, 2017 साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर? माणूस दिवसभर काय करतो यावर. मन प्रसन्न होईल मग काम करीन, असं नाही. आधी छोटं काम, मन मागून येतं. नेहमीच्या उपचाराच्या जोडीला हे ज्यांना मिळालं ते तीन महिन्यांनी जास्त सावरलेले दिसले.

मग बुधवारी काकांपुढे दिवसाचा तक्ता. तासातासाच्या ओळी. काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे तर वेबिल आहे!" वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद. तीस-बत्तीस वर्षं ज्यांनी टप्प्याटप्प्याने तो भरला, त्यांना काय शिकवायचं? आठवड्याने तक्ता आला. सुबक अक्षर. पहाटे पाचला उठले, ड्युटीची सवय. सहा ते नऊ, पेपर. आणि खाली अकरा ते चार, सातही दिवस, एकच शब्द: रिकामी. रिकामी. रिकामी.

त्या अकरा ते चारमध्ये काय बसवायचं? बायकोच्या बचत गटाचा हिशोब कित्येक महिने जुळत नव्हता. काका बसले वह्या घेऊन. पहिल्याच आठवड्यात बारा रुपयांवरून सचिवबाईंशी जोरदार भांडण. आणि त्या रात्री झोप लागली! दर बुधवारी कागद भरला जायचा, आकडा हळूहळू उतरत गेला. शेवटी काकूंचा क्लिनिकवर फोन, "मॅडम, बरे झाले ते ठीक, पण आता घरातल्या कोथिंबिरीचाही हिशोब मागतात."

आता तुम्ही म्हणाल, अनुभवी माणसाला कागद कशाला लागतो? 2005 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थेरपिस्टना विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाची तब्येत बिघडेल असं वाटतं? लोक होते 550. बिघडली 40 जणांची. थेरपिस्टनी नावं सांगितली तिघांची, आणि त्यातलं खरं ठरलं एक. चाळीसपैकी एक! कारण समोरचा माणूस भिडेखातर बरंच म्हणतो. आपल्याकडे तर पाहुण्यालाही पोट भरलं नाही असं कुणी सांगत नाही.

संशोधक आणि उपचार करणारा एकाच माणसात असावा, हे 1949 साली अमेरिकेत बोल्डर गावी मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत ठरलं होतं. ठरलं खरं. प्रत्यक्षात भिंतीवर प्रमाणपत्रं वाढली. एक दिवसाची कार्यशाळा, दोन वेळा चहा, संध्याकाळी सर्टिफिकेट. त्यापेक्षा चारजणांनी रविवारी बसावं. गोव्यातच हेही पाहिलं होतं की समुपदेशकांनी एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण दिले, तर ते तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे मोठा तज्ज्ञ गावात नसला तरी अडत नाही. रुग्णाची संमती, नाव झाकलेलं, आणि आकडे समोर.

श्रोत्यांसाठी दोन गोष्टी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते; ती विचारायला लाजू नका. आणि "माझ्यात फरक पडतोय हे तुम्ही कसं मोजता?" हेही विचारा. चांगला मानसशास्त्रज्ञ रागावणार नाही. कुणाशी तातडीने बोलायचं असेल तर टेली-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर 14416. पुन्हा सांगते, 14416.

आणि एम. ए.ला मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. दर वर्षी त्याच कॉलेजच्या पोरांकडून प्रश्नावल्या भरून घेता, परीक्षेचा ताण आणि मोबाईलचं व्यसन. एखाद्या विद्यार्थ्याला गावातल्या एकट्याने बसणाऱ्याकडे पाठवा. दोन-तीन भेटींनंतर माणसं यायची का बंद होतात, हा प्रश्न त्या एकट्याने बसणाऱ्याला रोज छळतो आणि उत्तर शोधायला त्याला वेळ नाही. एसटीभाडं, आजारी सासू, की शेजाऱ्यांनी पाटीखाली पाहिलं म्हणून? नमस्कार.