लढून आलेल्या विमानाच्या खुणा

श्रोतेहो, नमस्कार.

विमानांची मॉडेल्स करण्याचा छंद असलेल्या एखाद्याच्या घरी आपण गेलात, तर एका गोष्टीचे आपल्याला नवल वाटेल. रात्री जागवून गुळगुळीत रंगवलेल्या विमानावर तो मनुष्य स्वतःच्या हाताने ओरखडे काढतो, धुराचे डाग पाडतो, क्वचित गोळ्यांची भोकेही पाडतो. मला स्वतःला अशीच विमाने आवडतात. मात्र या खुणा मनाला भिडतात त्या प्रत्येक खुणेला कारण असेल तेव्हाच.

ठाण्यात चरईत आमच्या इमारतीत वायुदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. विमानाच्या पत्र्याची दुरुस्ती हे त्यांचे आयुष्यभराचे काम. माझ्या भाच्याने एकदा नॅट विमानाचे १:७२ प्रमाणातील मॉडेल त्यांना दाखवायला नेले. १९६५च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजलेले हे विमान मुळातच जेमतेम नऊ मीटर लांबीचे, त्यामुळे त्याचे मॉडेल तळहातावर मावते. भाच्याने पंखांच्या बुंध्याशी हिरवा रंग खरवडून खालचा चंदेरी पत्रा उघडा पडल्याचे दाखवले होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, विमान डोळ्यांजवळ धरले आणि विचारले, “बाळ, इथे कोण चालले?”

भाचा गोंधळला. काका म्हणाले, “दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचा पंख खाली असतो. वैमानिक त्यावर पाय देऊन आत बसतो, म्हणून तिथला रंग बुटांनी झिजतो. नॅटचा पंख वर, खांद्याच्या उंचीला. वैमानिक शिडी लावून चढायचा आणि आमचे पाय जमिनीवर असायचे. मग हा रंग गेला कशाने?” त्यांनी पेन्सिल घेतली आणि रंग खरोखर कुठे जातो ते दाखवले: रोज उघडावी लागणारी झाकणे, त्यांच्या स्क्रूभोवती स्क्रूड्रायव्हर निसटून उठलेले चरे, तेलकट हातांनी काळवंडलेल्या कडा, आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या बाजूला बसवलेल्या ३० मिलिमीटरच्या तोफांपासून मागे ओढली गेलेली काजळी.

शेपटीजवळ गरम सुईने पाडलेले एक भोक होते. काका म्हणाले, “पत्रा असा वितळत नाही, तो फाटतो. गोळी शिरते तिथे कडा आत वळतात, बाहेर पडते तिथे बाहेर फुलतात.”

“आजोबा, मग गोळी लागली होती हे दाखवायचे कसे?”

“ठिगळ दाखव. फाटलेली कड आम्ही कापून गोल करायचो, चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक छिद्र पाडायचो आणि वरून पत्रा रिव्हेटने बसवायचो. भोक घेऊन आलेले विमान ठिगळ लावूनच पुन्हा वर जायचे.”

भाच्याने भोक पुट्टीने बुजवले, पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा कणभर चौकोन त्यावर चिकटवला आणि त्याला शेजारच्या उन्हाने विटलेल्या हिरव्यापेक्षा किंचित ताजा हिरवा रंग दिला. त्या विमानावर आज माझी नजर सर्वांत आधी जाते ती त्या चौकोनाकडे, कारण विमान परतले आणि कोणीतरी रात्रीत ते पुन्हा उडण्याजोगे केले, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच ठिकाणी दिसतात.

म्हणून पुन्हा सांगतो, खुणेला कारण हवे. इंफाळच्या लढाईत १९४४ साली अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने हरिकेन विमाने उडवली. ते विमान करायला घ्याल, तर त्याच्या धडाचा मागचा भाग कापडाने मढवलेला होता हे लक्षात ठेवावे. तिथे चंदेरी पत्रा उघडा पडूच शकत नाही. स्पिटफायरच्या मशीनगनच्या तोंडांवर धूळ आणि थंडी आत जाऊ नये म्हणून लाल कापडी पट्ट्या चिकटवत. पहिल्याच फैरीत त्या फाटत. पट्टी शाबूत आणि मागे मात्र धुराचा डाग, असे झाले की जाणकाराला ते लगेच खटकते.

चौकाचौकांत उभ्या केलेल्या जुन्या लढाऊ विमानांना चकचकीत ऑइलपेंट फासतात, ते मला मुळीच पटत नाही. त्याखाली त्या विमानाची सारी हकिकत झाकली जाते.

करण्याची रीत थोडक्यात सांगतो. चंदेरी रंगावर पाण्याच्या थेंबांनी मिठाचे खडे चिकटवावेत, वाळल्यावर वरचा रंग मारावा आणि मीठ हळूच चोळून काढावे. रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसतात. भोकच दाखवायचे असेल, तर प्लास्टिक आतून घासून कागदाइतके पातळ करावे, कारण मॉडेलचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर, आणि इतका जाड पत्रा कोणत्याही विमानाला नसतो. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत शेवटचे वॉर्निश फवारू नये. त्यावर पांढरट झाक येते आणि खालचे सारे काम झाकोळते. चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबावे.