यादीत नाव नसलेले मूल

जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडच्या अनेक शाळांच्या फलकावर एक यादी लागते. मराठी शाळेत ती वर्गप्रतिनिधींची आणि शालेय मंत्रिमंडळाची असते, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हेड बॉय, हेड गर्ल आणि हाऊस कॅप्टन यांची. मग पदग्रहण समारंभ होतो, छातीवर बिल्ले लागतात, पालक कौतुकाने छायाचित्रे काढतात. शिक्षिका म्हणून आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून मी असे कितीतरी समारंभ घडवून आणले. आज मात्र मला ज्या मुलांची नावे त्या यादीत नव्हती, आणि ती असावीत असे ज्यांना मनापासून वाटत होते, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. कारण त्यांना आपण ‘का नाही’ हे कधी सांगत नाही.

मी स्वतः सातवीत असताना वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला उभी राहिले होते. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, खडूच्या रिकाम्या खोक्याची मतपेटी आणि फळ्यावर गुरुजींनी मारलेल्या रेघा, एवढाच तो थाट होता. मला ११ मते पडली आणि माझ्या मैत्रिणीला २६. हरल्याचे दुःख दोन-चार दिवसांत ओसरले असते, पण त्या ११ मतांत एक माझे स्वतःचे होते आणि मत देण्याचा शब्द मला १२ जणींनी दिला होता. उरलेल्या दोघी कोण, हा हिशेब मी पुढे कित्येक महिने मनाशी मांडत होते. डबा खाताना, कवायतीच्या रांगेत उभी असताना, एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहत. वडील म्हणाले, ‘पुढच्या वर्षी होशील.’ ते मायेनेच म्हणाले. पण आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती, त्यामुळे पुढचे वर्ष असे काही माझ्यापुढे नव्हते. मोठ्या माणसांना ही पदे किरकोळ वाटतात, कारण त्यांच्यापुढे आयुष्याचा मोठा पट असतो. बारा वर्षांच्या मुलाचे जग शाळेच्या फाटकाशी संपते, आणि त्या जगातले सर्वांत मोठे पद त्याला मिळालेले नसते.

या पदांचा उगम पाहिला तर एक विचार करण्याजोगी गोष्ट आढळते. मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेची जबाबदारी १७८९ मध्ये अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. तिथे शिक्षक अपुरे होते, आणि जे होते ते नव्या पद्धतीला तयार नव्हते. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटांनी अक्षरे गिरवताना बेलने पाहिली, म्हणजे आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटीच म्हणा ना. त्याने ती पद्धत उचलली आणि मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यानेही शेकडो मुलांची शाळा थोड्या मोठ्या मुलांच्या आधाराने चालवली, आणि ‘मॉनिटर’ हा शब्द तिथून जगभर गेला. १८२० च्या दशकात तीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या शाळांत आली. आपल्या पंतोजींच्या शाळेत तर थोरल्या मुलांनी धाकट्यांना घोकवण्याची रीत आधीपासूनच होती.

त्या मुलांकडे नेमून दिलेले काम होते, आणि त्यांनी ते केले नाही तर धाकट्यांची अक्षरे अडत होती. पुढे इंग्लंडमधल्या निवासी शाळांतून, विशेषतः १८२८ पासून रग्बी शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या थॉमस अर्नोल्ड यांच्या प्रभावातून, वरच्या वर्गातल्या निवडक मुलांकडे अधिकार सोपवण्याची प्रथा प्रतिष्ठित झाली. आपण आज जे बिल्ले लावतो ते या दुसऱ्या परंपरेतले आहेत. काम कमी होत गेले आणि मान उरला. एखादे काम दुसऱ्याकडे गेले तर मुलाला फार तर हळहळ वाटते, कारण शाळेत कामे पुष्कळ असतात. मान दुसऱ्याकडे गेला की ‘मी कमी प्रतीचा आहे’ असा निकाल सर्वांसमक्ष लागल्यासारखे त्याला वाटते, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही, कारण समारंभ आपणच तसा सजवलेला असतो.

मतदान आणि नेमणूक या दोन्ही रीती मी पाहिल्या. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आता उमेदवारी अर्ज, चिन्हे, बोटाला शाई, अशी सगळी प्रक्रिया मुले स्वतः पार पाडतात, आणि मला ती मनापासून आवडते. मतमोजणी डोळ्यांदेखत होते, म्हणून हरलेल्या मुलाला आपण कशाने हरलो ते निदान ठाऊक असते. एवढेच, की ज्याला दोन-तीनच मते पडली त्याचा आकडा भर वर्गात वाचू नये; निवडून आलेल्याचे नाव सांगून थांबावे आणि ज्याला आपली मते जाणून घ्यायची असतील त्याला ती बाजूला घेऊन सांगावीत. नेमणुकीत यातले काहीच नसते. शिक्षक-खोलीत चहा पिता पिता दहा मिनिटांत नावे ठरतात. कोणाचा आवाज खणखणीत, कोणाची उंची संचलनात शोभेल, कोणाचे गुण चांगले, कोणाचे पालक सभेला नेमाने येतात, अशा गोष्टींवर ती ठरतात, आणि यातले एकही कारण आपण मुलासमोर उच्चारू शकत नाही. मला वाटते, जे कारण मुलाला तोंडावर सांगता येत नाही, त्या कारणाने त्याला डावलण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

हे मी आज ठामपणे सांगते आहे, पण एके काळी मीही त्याच खोलीत बसून तसेच केले होते. आठवीतला एक मुलगा होता. पहिलीतल्या मुलांना पाऊस आला की ओळीने व्हरांड्यात आणणे, प्रयोगशाळेच्या परीक्षानळ्या मोजून ठेवणे, गैरहजर मुलाकडे गृहपाठ पोचवणे, हे सारे तो कोणी न सांगता करी. विद्यार्थी प्रमुख म्हणून त्याचे नाव एका सहकाऱ्यांनी सुचवले, तेव्हा मी म्हणाले, ‘परिपाठाला सावधान-विश्राम कसे म्हणेल तो?’ तो बोलताना अडखळत असे. विषय तिथेच संपला आणि दुसऱ्या मुलाचे नाव फलकावर लागले. आठ-दहा दिवसांनी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि बराच वेळ घेऊन त्याने विचारले, ‘बाई, माझं काय कमी पडलं?’ मी म्हणाले, ‘काही नाही रे, सगळ्यांनाच कसं देता येईल?’ हे उत्तर खोटे होते, आणि ते खोटे आहे हे त्याच्याही लक्षात आले असावे, कारण त्यानंतर पावसात पहिलीच्या रांगेपाशी तो मला दिसला नाही.

त्या वर्षानंतर आम्ही काही बदल केले. पदांची मुदत वर्षाऐवजी एका सत्राची केली. परिपाठातल्या आज्ञा देण्याचे काम प्रमुखाच्या पदापासून वेगळे काढले आणि ते आळीपाळीने सर्वांकडे दिले. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात मुलांचे चार छोटे संघ करून प्रत्येक संघाला नायक दिला होता. त्या धर्तीवर ग्रंथालय, बाग, पाण्याच्या टाक्या, धाकट्यांचे वर्ग अशा कामांचे गट केले. आणि ज्या मुलांची नावे चर्चेत येऊनही यादीत आली नाहीत, त्यांना यादी लागण्याच्या आदल्या दिवशी बोलावून कारण सांगण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. ते सर्वांत अवघड काम होते. काही मुले रडली, एक मुलगी माझ्याशी वाद घालू लागली आणि तिचे म्हणणे बरोबर निघाले म्हणून आम्हाला यादी बदलावी लागली.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मूल त्या दिवशी घरी येऊन दप्तर टाकेल तेव्हा ‘जाऊ दे, त्यात काय एवढं’ म्हणू नका आणि लगेच शाळेला फोनही लावू नका. त्याला बोलू द्या. आणि दोन दिवसांनी, त्याची तयारी असेल तर, त्यालाच शिक्षकांकडे जाऊन कारण विचारू द्या.

तो मुलगा दहावीत गेला. निरोप समारंभ संपल्यावर मी त्याला थांबवले आणि दोन वर्षांपूर्वी शिक्षक-खोलीत मी काय म्हणाले होते ते जसेच्या तसे सांगितले. तो ऐकत राहिला. मग सावकाश, अडखळत म्हणाला, ‘मला तसंच वाटलं होतं, बाई. तेव्हा सांगितलं असतंत, तर मी म्हणून दाखवलं असतं.’