पोचमपल्लीहून पूर्व भागाकडे

खट्-खट्, खट्-खट्. सोलापूरच्या पूर्व भागात हा आवाज दिवसभर कानावर असतो. मागाच्या वर बघा, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्राची पुठ्ठ्याची पानं एकामागून एक सरकताहेत. पानात छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो आणि धोटा त्याखालून बाणा, म्हणजे आडवा धागा, ओढून नेतो. कोणता धागा कधी उचलायचा, हे सगळं त्या छिद्रांत ठरलेलं असतं. त्यातूनच चादरीवर मोर उमटतो.

इथल्या पद्मशाली या विणकर समाजातल्या कुटुंबांचं मूळ तेलंगणात. घरात तेलुगू, बाजारात मराठी. मे २०२५ मध्ये हैदराबादला ‘मिस वर्ल्ड’ भरली, तेव्हा या गल्ल्यांना ती लांबची वाटण्याचं कारण नव्हतं. त्यातून १०८ स्पर्धकांपैकी काही जणी थेट विणकरांच्या गावी गेल्या. गाव तेलंगणातलंच, पोचमपल्ली. १९५१ साली विनोबांना पहिलं भूदान मिळालं ते याच गावात. आणि योगायोग असा की त्याच वर्षी लंडनमध्ये एरिक मॉर्ले यांनी ही स्पर्धा सुरू केली.

पोचमपल्लीत कापडाचं नक्षीकाम माग सुरू होण्याआधीच झालेलं असतं. सुताच्या लडीला ठरलेल्या जागी घट्ट पट्ट्या बांधायच्या, लडी रंगात बुडवायची, बांधलेला भाग कोरा राहतो. मग पट्ट्या सोडून पुन्हा दुसरीकडे बांधायच्या, पुन्हा रंग. विणताना धागा जरा सरकला की नक्षीची कड पिसासारखी विस्कटते, आणि अशा बांधून रंगवलेल्या सुताच्या कापडाची, म्हणजे इकतची, ओळख तीच.

परदेशातून आलेल्या मुलींनी हे काम जवळून पाहिलं. पण त्यांचं स्वतःचं काम कोण बघतं? मिस वर्ल्ड म्हणजे एका संध्याकाळचा झगमगाट नव्हे. जवळजवळ महिनाभर रोज वेळेवर तयार व्हायचं, दौरे करायचे, खेळ, कलागुण, मुलाखती, आणि आपण कोणत्या सामाजिक कामासाठी उभ्या आहोत ते शंभरदा सांगायचं. पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. उशिरा झाला, पण बरं झालं.

३१ मेला मुकुट मिळाला थायलंडच्या ओपल सुचाता चुआंगश्री हिला. थायलंडचा हा पहिलाच मिस वर्ल्ड किताब. सोळाव्या वर्षी तिच्या स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागली होती. पुढे तिने स्तनाच्या कर्करोगाविषयीची जागृती हेच आपलं काम मानलं. विडी वळून, कांड्यांवर मागासाठी सूत भरून घर चालवणाऱ्या आमच्या आया-बहिणी अंगावर दुखणं काढतात, डॉक्टरकडे जायचं टाळतात. त्यांना ही गोष्ट कुणीतरी बसून सांगायला हवी, मुकुटाच्या फोटोपेक्षा जास्त.

आपल्याकडची पहिली मिस वर्ल्ड आठवा. १९६६, मुंबईची रीटा फारिया, वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी. किताब घेतला, वर्षभराची जबाबदारी पार पाडली आणि पुन्हा अभ्यासाकडे वळली. पुढे डॉक्टर झाली.

२०२५ च्या त्याच मे महिन्यात तेलंगणातल्या रामप्पा मंदिरात स्थानिक बायकांनी स्पर्धकांच्या पायांवर पाणी घातलं, काहींनी पाय पुसूनही दिले. त्यावर टीकेची झोड उठली, आणि ती योग्यच होती. पाहुणचार असा नसतो.

हैदराबाद ते सोलापूर अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. पुढच्या वेळी या मुलींना पूर्व भागातही आणा. पाय धुवायला कुणी नको. मागाशेजारी कांड्या भरणाऱ्या बायकांच्या पंक्तीला त्यांना बसवा, हातात कांडी द्या, आणि दिवसाकाठी मजुरी किती पडते तेही त्यांना थेट विचारू द्या.