बूटवाला बोका आणि शिळी कढी

ही शिट्टी ऐका.

बार आहे, रात्र आहे, आणि काउंटरवर एक बोका छोट्या ग्लासातून दूध पितोय. शेजारी शिट्टी वाजवत काळा टोपडेवाला झगा घातलेला एक लांडगा येऊन बसतो. बोक्याला वाटतं, असेल कोणीतरी आपल्या डोक्यावरचं इनाम कमवायला आलेला, असे छप्पन्न बघितलेत. मग मारामारी होते, बोक्याची तलवार हातातून उडते आणि त्याच्या कपाळावरून रक्ताचा एक बारीकसा ओघळ खाली येतो. एवढंच. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या अंगावरचे केस ताठ उभे राहतात आणि हा बहाद्दर अक्षरशः शेपूट घालून पळत सुटतो.

हा 'पुस इन बूट्स: द लास्ट विश', लहान मुलांचा ॲनिमेटेड पिक्चर आहे बरं का.

आता थोडं मागे जाऊ. हा बोका पहिल्यांदा दिसला २००४ मध्ये, श्रेक नावाच्या हिरव्या राक्षसाच्या 'श्रेक २' या पिक्चरमध्ये. टोपी छातीशी धरायचा, डोळे बशीएवढे करून बघायचा आणि पब्लिक खल्लास. २०११ ला त्याचा स्वतःचा पिक्चर आला, चांगला चालला, जगभरात ५५ कोटी डॉलर आले, आणि मग पुढची अकरा वर्षं नुसत्या तारखा. लागायच्या, पुढे ढकलल्या जायच्या, मधेच २०१६ ला हे पिक्चर बनवणाऱ्या ड्रीमवर्क्स स्टुडिओचेच मालक बदलले, आणि बोका कुठल्यातरी फायलीत पडून राहिला. त्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' येतोय म्हटल्यावर बहुतेकांचा चेहरा काय झाला असेल ते सांगायला नको. श्रेकचा स्पिन-ऑफ, म्हणजे त्यातल्या एका पात्राचा वेगळा पिक्चर, आणि त्या स्पिन-ऑफचा दुसरा भाग, तोही इतक्या वर्षांनी. शिळ्या कढीला ऊत आणायचा प्रकार. मीही तेच म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू.

त्यात टायमिंग बघा. पाचच दिवस आधी दुसरा 'अवतार' लागलेला, आणि ऐन ख्रिसमसला अमेरिकेत बर्फाचं असं वादळ आलं की लोक घराबाहेर पडेनात. पहिल्या वीकेंडला तिथे कमाई झाली साधारण सव्वा कोटी डॉलर. बजेट होतं नऊ कोटींचं. झालं, आटोपला कार्यक्रम, असंच वाटलं असणार.

पण ज्यांनी बघितला ते बाहेर येऊन दुसऱ्यांना सांगायला लागले. काय सांगत होते?

एक तर हा पिक्चर दिसतोच वेगळा. दिग्दर्शक जोएल क्रॉफर्ड आणि त्याच्या टीमने प्लास्टिकसारखं गुळगुळीत थ्रीडी बाजूला ठेवलं आणि सगळं कसं गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्रांसारखं रंगवलं, ब्रशचे फटकारे दिसतात. आता ही फाइट बघा. नेहमी सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, मारामारी सुरू झाली की चित्रं मुद्दाम कमी करतात, एकेक पोझ दोन-दोन फ्रेम धरून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक वार दणकून बसतो. २०१८ च्या ॲनिमेटेड स्पायडरमॅनने ही वाट मोकळी करून दिली होती हे खरं, पण इथे ती उसनी वाटत नाही.

आणि दुसरं म्हणजे भीती. गोष्ट एका ओळीची आहे: मांजराला नऊ जीव असतात म्हणतात, त्यातले आठ या पठ्ठ्याने उधळलेत, आठवा तर चक्क डोक्यावर घंटा पडून गेला, आता एकच शिल्लक. आणि तो लांडगा कोण हे कळतं तेव्हा मोठ्या माणसांच्याही पोटात गोळा येतो, कारण तो इनामासाठी आलेलाच नसतो, तो साक्षात मृत्यू असतो.

मला आवडलेला सीन मात्र लांडग्याचा नाही. जंगलात बोका घाबरून पळतो, एका झाडाला टेकून बसतो, श्वास घेता येत नाही, छाती धडधडतेय. सरळ पॅनिक अटॅक. मागून पेरितो येतो. हे एक बावळट कुत्रं, लहानपणी याला मोज्यात दगडासकट घालून नदीत टाकलेलं, आणि आता तोच मोजा तो स्वेटर म्हणून घालून फिरतो आणि वर ही गोष्ट हसत हसत सांगतो! तर हा पेरितो एरवी तोंड बंद ठेवत नाही, पण इथे काही बोलत नाही. बोक्याच्या पोटावर नुसतं डोकं ठेवतो. हळूहळू श्वास जागेवर येतो. बस. ना गाणं, ना भाषण.

बोक्याला आवाज आहे अँटोनियो बँडेरासचा. २०१७ मध्ये त्याला स्वतःला हार्ट अटॅक येऊन गेलाय. हे माहीत झाल्यावर तो सीन परत बघा.

तर दुसऱ्या वीकेंडला कमाई वाढली. बहुतेक पिक्चर दुसऱ्या आठवड्यात आपटतात, हा वर गेला. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, तिथे गिएर्मो देल तोरोच्या 'पिनोकिओ'पुढे हरला, असो. जगभरात ४८ कोटींच्या आसपास, म्हणजे पहिल्या भागापेक्षा कमीच, पण एकट्या अमेरिका-कॅनडात १८ कोटींच्या वर, आणि तिथे पहिला भाग १५ लाही पोचला नव्हता. आणि गंमत म्हणजे ६ जानेवारीपासून हा पिक्चर तिकडे घरी भाड्याने बघायला मिळत होता. सोफ्यावर बसून बघायची सोय असताना लोक त्या थंडीत पोरांना स्वेटर-टोप्या चढवून थिएटरला नेतच होते.