दाब संपला

(दृश्य : शिंप्याचं छोटं दुकान. मशीनवर निळा पिनाफोर, शेजारी टेप आणि खडू.)

डिसेंबर २०२१. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ तारखेपासून भरणार होते. मुलुंडच्या या दुकानात माझी बहीण लेकीचा युनिफॉर्म घेऊन आली. शाळा बंद झाली तेव्हा, म्हणजे २०२० च्या मार्चमध्ये, पोरगी तिसरीत होती. चौथीसाठी शिवलेला हा पिनाफोर वाढत्या अंगाचा म्हणून दोन बोटं सैल ठेवला होता. तो कपाटात तसाच घडीत राहिला, कारण चौथी अख्खी मोबाईलवर झाली. पाचवीत पहिल्यांदा अंगात घातला, तर खांद्यापाशीच अडकला. शिंपीकाकांनी दोन्ही बाजूंची शिवण उसवली, आतलं कापड मोकळं केलं, टेप लावली आणि म्हणाले, "ताई, दाब होता तेवढा सोडला. आता कापडच नाही."

पोरगी दाराशीच उभी होती. तिनं ते ऐकलं.

उंची वाढून कपडा आखूड झाला, तर त्याचं आपण कौतुक करतो. मुलाचं वजन नुसत्या काट्यावर वाचता येतही नाही, ते वय आणि उंचीशी ताडून बघावं लागतं. पण तसं ताडून पाहिलं तरी महामारीच्या या दोन वर्षांत मुलांच्या वजनाचं काहीतरी बिघडलं होतं. आणि ते फक्त मुलुंडमध्ये नव्हतं.

(दृश्य : रिकामी बाग. घसरगुंडीला बांधलेली दोरी.)

इटलीतलं व्हेरोना. तिथले डॉक्टर लठ्ठपणा असलेल्या मुलांचा बरीच वर्षं पाठपुरावा करत होते. २०२० च्या मार्चमध्ये इटली बंद झाली. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी यातल्या ४१ मुलांच्या घरी विचारणा केली आणि उत्तरं त्याच मुलांच्या आदल्या वर्षीच्या नोंदींशी लावून पाहिली. खेळणं आठवड्याला सव्वादोन तासांहून जास्त कमी झालं होतं. झोप रोज चाळीसेक मिनिटं वाढली होती. आणि पडद्यासमोरचा वेळ? रोज जवळपास पाच तासांनी वाढला होता. खाण्याची एक वेळ दिवसात नव्यानं घुसली होती. वेफर्स आणि गोड पेयं वाढली, भाजी मात्र होती तेवढीच राहिली.

हे सगळं अवघ्या तीन आठवड्यांत झालं. आपल्याकडे लहान मुलांचे वर्ग पावणेदोन वर्षं बंद होते.

स्पेनमध्ये तर १४ वर्षांखालच्या मुलांना सहा आठवडे घराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. २६ एप्रिल २०२० ला त्यांना बाहेर सोडलं, तेही दिवसातून एक तास आणि घरापासून एक किलोमीटरच्या आत.

अमेरिकेत २ ते १९ वयोगटातल्या ४ लाख ३२ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, वाढण्याचा वेग महामारीच्या आधीच्या मानानं जवळपास दुप्पट झाला होता. पण माझं लक्ष त्याच अहवालातल्या दुसऱ्या आकड्यावर खिळलं. ज्या मुलांचं वजन आधी योग्य होतं, त्यांची वर्षाची वाढ साधारण दीड किलोवरून अडीच किलोच्या आसपास गेली. ज्यांचं वजन आधीच मध्यम लठ्ठपणाच्या पट्ट्यात होतं, ती मुलं वर्षाला तीन किलोंऐवजी साडेपाच किलोंच्या आसपास वाढायला लागली. घरं सगळ्यांचीच बंद होती, पण ज्यांच्या अंगावर आधीच ओझं होतं त्यांच्यावरच ते सगळ्यात जास्त चढलं.

असं का झालं असेल? "घरात बसून खात होते, दुसरं काय," असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही.

जाड मूल खेळात कुठे असतं, ते आठवून बघा. पकडापकडीत ते पहिलं पकडलं जातं. लगोरीत शेवटी निवडलं जातं. मोठी मुलं दया दाखवतात तीसुद्धा त्याला कच्चं लिंबू ठरवून. म्हणजे ते खेळात असतं, पण त्याच्यावर राज्य कधी येत नाही. अशा मुलाच्या दिवसात हालचाल येते ती न मागता. रिक्षा कोपऱ्यावर थांबते तिथवर चालत जायचं. दप्तर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात चढायचं. मधल्या सुट्टीत नळापर्यंत धावायचं. पीटीच्या तासाला सरांची शिट्टी वाजली की आवडो न आवडो, मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या. खेळाची आवड असलेल्या मुलांनी लॉकडाऊनमध्येही गच्ची शोधली, पार्किंग शोधलं. न मागता मिळणारी हालचाल ज्यांना पुरत होती, त्यांच्याकडे शाळेबरोबर काहीच उरलं नाही.

शाळा वजन धरून ठेवते, हे महामारीच्या आधीही दिसलं होतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी बालवाडीपासून दुसरीपर्यंत मुलांची वजनं शाळा सुरू होताना आणि सुट्टी लागताना टिपली. लठ्ठपणाचं प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर गेलं होतं, आणि ही सगळी वाढ उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमधली होती. शाळेच्या महिन्यांत प्रमाण वाढलंच नव्हतं. घंटा, ठरल्या वेळेचा डबा, सकाळी लवकर उठावं लागणं, यांनी मुलांना बांध घातलेला असतो. महामारीनं तो बांध काढून घेतला आणि एक सुट्टी पावणेदोन वर्षं लांबली.

(दृश्य : वन-रूम-किचन. पलंगावर मोबाईल उभा केलेला, त्यात पीटीचे सर. कॅमेरा बंद असलेले काळे चौकोन.)

आमच्या पोरीचा चौथीचा वर्ग या पलंगावर भरायचा. ऑनलाईन पीटीही व्हायची. सर उड्या मारायला सांगायचे आणि आतून आजीचा आवाज यायचा, "अगं, खाली धपधप आवाज जातो, जोशीकाकू परत वर येतील." पोरगी कॅमेरा बंद करून पलंगावर बसून राहायची. सरांना काळा चौकोन दिसायचा, आम्हाला दिसायची शांत बसलेली मुलगी. त्या दिवसांत घरातलं मूल शांत बसलं, की आपल्याला केवढं हायसं वाटायचं!

मी तिची मावशी. केकचं भांडं कुकरमध्ये लावून तिला हाक मारणारी मीच होते. बाहेर ॲम्ब्युलन्सचे आवाज, घरात वडिलांचा अर्धा पगार. लेकराच्या ताटलीत काहीतरी गोड ठेवणं, एवढंच हातात उरलं होतं. त्याच वर्षात शाळेतला पोषण आहार बंद झालेल्या आणि कोरड्या शिध्यावर दिवस काढलेल्या मुलांचं वजन घटलं, ही गोष्ट वेगळी आणि तितकीच जिव्हारी लागणारी आहे. तिला वेगळी फिल्म हवी.

(दृश्य : मानेचा जवळून घेतलेला भाग. चेहरा दिसत नाही.)

पाचवीच्या सुरुवातीला तिच्या मानेवर काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसायला लागला. घरच्यांना वाटलं मळ आहे. आंघोळीला बसवून आजीनं हरभऱ्याच्या पिठानं, मग दगडानं मान घासली. लाल झाली, दुखली, पट्टा गेला नाही. जाणार कसा? तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं आणि रक्तात इन्सुलिन वाढलं, की मानेवर, काखेत कातडी अशी काळवंडते. ज्या घरात हे बघणारं कुणी असेल, त्यांना हात जोडून सांगते, घासू नका, डॉक्टरांना दाखवा.

आपल्या मुलांना हा इन्सुलिनचा बिघाड लवकर का गाठतो, याचं एक उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी, ही आपली घडण जन्मतःच असते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांमध्ये दाखवून दिलं. म्हणूनच भारतीय मुलांच्या वाढीच्या तक्त्यांत जास्त वजनाची रेघ आंतरराष्ट्रीय तक्त्यांपेक्षा खाली ओढलेली आहे. "खात्यापित्या घरचं पोर दिसतंय" म्हणून आपण ज्याचे गाल ओढतो, ते त्या रेघेच्या वर असू शकतं.

पुढे काय झालं, ते इंग्लंडच्या आकड्यांत बघता येतं. तिथे दरवर्षी शाळेत मुलांची उंची आणि वजन घेतात. चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठपणा २०१९-२० मध्ये ९.९ टक्के होता, पुढच्या वर्षी १४.४ टक्क्यांवर गेला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांमध्ये २१ वरून २५.५ टक्क्यांवर. शाळा भरल्या आणि २०२२-२३ पर्यंत लहान मुलं ९.२ टक्क्यांवर उतरली. मोठी मात्र २२.७ टक्क्यांवर राहिली, महामारीच्या आधीपेक्षा वरच. आमची पोरगी तेव्हा याच मोठ्या वयोगटातली.

डॉक्टरांनी तिला डाएट दिलं नाही. म्हणाले, वजन आहे तिथं थांबू दे, उंची वाढतेय, हिशेब आपोआप जुळत जाईल. घरातलं सरबताचं आणि वेफर्सचं सामान सगळ्यांसाठीच बंद करा, एकटीसाठी नाही. आणि रोज तासभर तिला धाप लागेल असं काहीतरी करू दे. जागतिक आरोग्य संघटनेचं मापही दिवसाला सरासरी ६० मिनिटांचंच आहे.

तास कुठून आणायचा? शाळा सुरू झाली, पण बुडालेला अभ्यास भरून काढायचा म्हणून पीटीचे तास गणिताला गेले. खिडकीतून मैदान दिसायचं, भर दुपारी रिकामं. माझ्या बहिणीनं आणि आणखी चार आयांनी शाळेत अर्ज दिला, दोनदा परत आल्या, तिसऱ्यांदा आठवड्यातला एक तास मिळवला. बाकीचा वेळ सोसायटीच्या आवारात शोधावा लागला.

(दृश्य : संध्याकाळ. सोसायटीचं आवार, गाड्यांच्या मधली जागा. पत्र्याचा डबा.)

हे आम्ही गेल्या शनिवारी चित्रित केलं. डबा ऐसपैस. पोरगी आता मोठी झाली आहे, वजन अजून रेघेच्या वरच आहे. तिची धाप कॅमेऱ्याच्या माईकवर ऐकू येते, ती आम्ही काढलेली नाही. कुणीतरी डबा पार गेटपर्यंत भिरकावलाय, बाकीचे गाड्यांमागे लपलेत. तो आणायला ती पळत निघाली आहे, कारण राज्य तिच्यावर आहे.